वाचनापुरतं जर्मन

22 जुलै 1908 रोजी लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. दुसऱ्याच दिवशी त्यांना 52 वर्षं पूर्ण होणार होती. मंडालेच्या तुरुंगात त्यांनी ‘गीतारहस्य’ लिहिलं, हे मराठी माणसाला शाळेपासून ठाऊक असतं. त्याच तुरुंगात त्यांनी जर्मन, फ्रेंच आणि पाली या भाषांचा अभ्यास केला, ही गोष्ट मात्र चरित्रांत एखाद्या ओळीत उरकली जाते. मला ती ओळ फार मोलाची वाटते. मंडालेत त्यांच्याशी जर्मन बोलायला कोण असणार? कुणाला पत्र लिहायचं नव्हतं, परीक्षाही द्यायची नव्हती. जर्मन हवं होतं ते वाचण्यासाठी. वेदांच्या काळाविषयी आणि गीतेविषयी युरोपात जे लिहिलं जात होतं, त्यातला सर्वांत वजनदार भाग जर्मनमध्ये होता. 1893 मध्ये टिळकांचा ‘ओरायन’ प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी बॉनचे हेर्मान याकोबी ज्योतिषाच्याच आधाराने, स्वतंत्रपणे, वेदांच्या प्राचीनतेबद्दल जवळपास त्याच निष्कर्षाला पोचले. आपल्याच प्रश्नावर कुणीतरी दुसऱ्या भाषेत विचार करतो आहे हे कळल्यावर त्या भाषेपासून लांब राहणं टिळकांच्या स्वभावात बसणारं नव्हतं.

वाचनापुरतं जर्मन ही अर्धवट विद्या नाही, तिला स्वतःचं उद्दिष्ट आणि स्वतःची शिस्त आहे. बोलणाऱ्याला ‘टेबल’ हा शब्द कोणत्या लिंगाचा, हे तोंड उघडण्याआधी माहीत असावं लागतं. वाचणाऱ्यापुढे ते छापलेलं असतं. बोलणाऱ्याला विशेषणाचा प्रत्यय बिनचूक लावायचा असतो, वाचणाऱ्याला तो फक्त ओळखायचा असतो. पण बोलणारा सोप्या वाक्यांवर वेळ निभावून नेऊ शकतो आणि वाचणाऱ्याला तशी सवलत मिळत नाही. 1881 सालच्या प्राध्यापकाने सात ओळींचं वाक्य लिहिलं असेल, तर त्या सात ओळी जशा आहेत तशाच पार कराव्या लागतात. म्हणून वाचनाच्या जर्मनमध्ये व्याकरण कमी लागतं, असं समजू नये. वेगळं व्याकरण लागतं आणि ते वेगळ्या क्रमाने लागतं.

आज पुण्यात जर्मन शिकणाऱ्यांना तोटा नाही. फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे, मॅक्स म्युलर भवन आहे, आणि खासगी वर्ग तर गल्लोगल्ली निघाले आहेत. 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, तेव्हापासून परिचारिका, वायरमन, वाहनचालक यांच्यासाठीही जर्मनची चर्चा सुरू झाली. हे चांगलंच आहे. मात्र हे वर्ग ए-वन, ए-टू, बी-वन अशा पायऱ्यांनी चढतात आणि ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं या चारही गोष्टी बरोबरीने मागतात. प्राकृतात पीएच.डी. करणारी विद्यार्थिनी तिथे जाते तेव्हा आधी उपाहारगृहात कॉफी मागायला शिकते, मग घर भाड्याने घ्यायला, मग डॉक्टरची वेळ ठरवायला. तिला हवं असलेलं पान या वाटेवर फार उशिरा येतं. संशोधन करणाऱ्या मुलामुलींशी बोललं की हीच अडचण पुन्हा पुन्हा कानावर येते. वेळ थोडा असतो, पुस्तक समोर असतं आणि ते उघडता येत नाही.

आणि ती पुस्तकं कुठल्या परक्या विषयावरची नाहीत. हाल सातवाहनाच्या नावावर असलेली ‘गाथासप्तशती’ म्हणजे महाराष्ट्री प्राकृताचा सर्वांत देखणा ठेवा. गोदाकाठ, विंध्याची राई, शेतं, पावसाळे, पांथस्थ आणि त्यांच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या बायका, असं सगळं तिच्यात आहे. या ग्रंथावर आल्ब्रेश्ट वेबर यांनी 1870 मध्ये लाइप्झिशहून पहिला मोठा अभ्यास छापला आणि 1881 मध्ये संपूर्ण संहिता जर्मन अनुवादासह आणली. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याची ‘काव्यमाला’ आवृत्ती त्यानंतर, 1889 मध्ये निघाली. स. आ. जोगळेकरांची मराठी आवृत्ती यायला 1956 साल उजाडलं. महाराष्ट्री शिकण्यासाठी निवडक कथा, व्याकरण आणि शब्दकोश असं एकत्र पुस्तक याकोबींनी 1886 मध्ये काढलं, तेही जर्मनमध्ये. रिखार्ट पिशेल यांचं प्राकृत भाषांचं व्याकरण 1900 साली आलं आणि सुभद्र झा यांनी केलेलं त्याचं इंग्रजी भाषांतर 1957 मध्ये. या सत्तावन्न वर्षांत ज्याला जर्मन येत नव्हतं, त्याला मराठीच्या आजीची कुंडली दुसऱ्याच्या तोंडून ऐकावी लागत होती.

संस्कृतकडे वळलं तर यादी आणखी वाढते. ब्योटलिंक आणि रोट यांचा सात खंडांचा कोश 1855 ते 1875 या काळात सेंट पीटर्सबर्गहून निघाला. त्यात संस्कृत शब्दांचे अर्थ जर्मनमध्ये दिले आहेत आणि नंतरच्या अनेक कोशांनी त्याच्या खांद्यावर उभं राहून काम केलं. वाकरनागेल यांच्या संस्कृत व्याकरणाचा पहिला खंड 1896 चा. गेल्डनर यांचं ऋग्वेदाचं जर्मन भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर 1951 मध्ये पूर्ण छापलं गेलं आणि कित्येक दशकं अभ्यासकांचा हात प्रथम त्याच्याकडेच जात असे.

हा व्यवहार जुन्या ग्रंथांपुरताच नाही. हायडेलबर्गचे गुंथर सोन्थायमर (1934–1992) यांनी धनगरांच्या ओव्या ऐकल्या, जेजुरी पाहिली, माणदेशातल्या वाड्यावस्त्यांवर फिरले आणि 1976 मध्ये बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा यांच्यावरचा ग्रंथ जर्मनमध्ये प्रसिद्ध केला. ॲन फेल्डहाउस यांचं इंग्रजी भाषांतर 1989 मध्ये आलं. ज्या लोकांच्या देवांबद्दल तो ग्रंथ आहे, त्यांच्यातल्या शिकलेल्या मुलांनाही तो वाचायला तेरा वर्षं थांबावं लागलं.

थांबायचं नाही असं ठरवणारे लोकही आपल्याकडे होऊन गेले. विष्णु सीताराम सुकथनकर केंब्रिजला गणित शिकले आणि मग बर्लिनला हाइनरिश ल्यूडर्स यांच्याकडे गेले. शाकटायनाच्या व्याकरणावर त्यांनी जर्मनमध्ये प्रबंध लिहिला आणि 1925 पासून पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं संपादन हाती घेतलं. पाठभेद कसे तोलायचे, हस्तलिखितांची कुळं कशी लावायची, ही शिस्त त्यांनी बर्लिनहून आणली आणि महाभारतासारख्या अफाट ग्रंथासाठी तिला नवं वळण दिलं. इरावती कर्वे विसाच्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला गेल्या. ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली माणसाच्या कवटीच्या असमानतेवर त्यांनी प्रबंध केला आणि मार्गदर्शकाच्या वंशवादी अपेक्षेला मोजमापांतून दुजोरा मिळत नाही, हे जर्मनमध्येच लिहिलं. एखाद्याचं म्हणणं खोडून काढायचं तर ते त्याच्या भाषेत समजलेलं असावं लागतं, याचं यापेक्षा धीट उदाहरण मला माहीत नाही. काशिनाथ त्र्यंबक तेलंगांनी रामायण होमरवरून घेतलेलं आहे का, असा सवाल टाकून 1873 मध्ये वेबरना मुंबईतून उत्तर दिलं. वेबरच्या निबंधाचं इंग्रजी भाषांतर तोवर ‘इंडियन अँटिक्वेरी’त आलेलं होतं. ते भाग्य सगळ्याच जर्मन लेखनाच्या वाट्याला आलं नाही.

आता व्याकरणाकडे येतो, कारण भीती तिथेच वाटते. ही भीती आपल्याला इंग्रजीने दिलेली आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. मार्क ट्वेनने 1880 मध्ये जर्मन भाषेच्या भयंकरपणावर एक गाजलेला लेख लिहिला. क्रियापद वाक्याच्या टोकाला जाऊन बसतं, मुलगी नपुंसकलिंगी असते, शब्द हातभर लांब असतात, या त्याच्या तक्रारी. इंग्रजी बोलणाऱ्याला त्या खऱ्या वाटणारच. आपण जर्मन इंग्रजीतून शिकतो, म्हणून त्याच्या तक्रारीही आपल्याच समजून बसतो. मराठीच्या अंगणातून पाहिलं तर यातल्या बहुतेक अडचणी उरतच नाहीत.

एक पोटवाक्य घेऊ: ‘वाइल डेअर क्योनिश डेन ब्राह्मानेन डास डोर्फ गेगेबेन हाट’. आता शब्दाखाली शब्द ठेवत जाऊ. वाइल म्हणजे कारण, डेअर क्योनिश म्हणजे राजाने, डेन ब्राह्मानेन म्हणजे ब्राह्मणांना, डास डोर्फ म्हणजे ते गाव, गेगेबेन म्हणजे दिलेलं, हाट म्हणजे आहे. ‘कारण राजाने ब्राह्मणांना ते गाव दिलेलं आहे.’ एकही शब्द जागचा हलवावा लागला नाही. इंग्रजीतून जाणाऱ्याला हेच वाक्य शेवटाकडून मधे आणि मधून पुन्हा शेवटाकडे असं उलटसुलट करावं लागतं. जर्मन पोटवाक्यात क्रियापद शेवटी येतं, हा नियम इंग्रजी पुस्तकांत मोठ्या चौकटीत छापलेला असतो. मराठी मुलाला तो सांगायचीही गरज नाही, कारण त्याच्या कानाला क्रियापद शेवटीच अपेक्षित असतं.

मुख्य वाक्यात मात्र सावध राहावं लागतं. तिथे क्रियापद दुसऱ्या जागी येतं. पहिल्या जागी कर्ता असेल, कर्म असेल किंवा ‘काल’सारखा शब्द असेल, क्रियापदाची दुसरी जागा ठरलेली. क्रियापद संयुक्त असेल तर त्याचा चालता भाग दुसऱ्या जागी राहतो आणि उरलेला पार टोकाला जातो, मधे सगळं वाक्य. म्हणून वाचनाचा पहिला धडा असा, की जर्मन वाक्य डावीकडून उजवीकडे शब्दकोशात शोधत जाऊ नये. दुसऱ्या जागेवरचं क्रियापद पकडावं, मग थेट पूर्णविरामाशी जाऊन तिथे काय ठेवलं आहे ते पाहावं आणि मगच कोश उघडावा.

हे किती महत्त्वाचं आहे ते ‘गेबेन’ या एका धातूवरून कळतं. गेबेन म्हणजे देणं. आउफगेबेन म्हणजे सोडून देणं, त्सुगेबेन म्हणजे कबूल करणं, वीडरगेबेन म्हणजे जसंच्या तसं मांडणं, हेराउसगेबेन म्हणजे ग्रंथ संपादून प्रसिद्ध करणं. वाक्यात हा उपसर्ग धातूपासून सुटतो आणि टोकाला जातो. ‘वेबर गिप्ट 1881 डास गान्त्से वेर्क हेराउस’ या वाक्यात ‘गिप्ट’पाशीच थांबलेला वाचक वेबरला कुणाला तरी काहीतरी द्यायला लावील. शेवटचं ‘हेराउस’ पाहिलं तरच 1881 मध्ये संपूर्ण ग्रंथ संपादून प्रसिद्ध केला, हा अर्थ हाती लागतो. ज्यांनी थोडं वैदिक वाचलं आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. ऋचांमध्ये उपसर्ग धातूपासून दूर, मधे इतर शब्द घालून येतो, आणि पाणिनीनेही वेदभाषेची ही रीत नोंदवून ठेवली आहे.

लिंगं तीन आहेत, म्हणून इंग्रजी शिकणारा हैराण होतो. आपल्याकडे तो, ती, ते आहेतच. कुठल्या वस्तूला कुठलं लिंग, हे जुळेलच असं नाही. सूर्य जर्मनमध्ये स्त्रीलिंगी आहे आणि चंद्र पुल्लिंगी. पण निर्जीव वस्तूलाही लिंग असू शकतं आणि विशेषण त्याप्रमाणे बदलतं, ही मूळ कल्पना आपल्याला शिकवावी लागत नाही. मार्क ट्वेनला खटकलेली ‘मेडशेन’, म्हणजे नपुंसकलिंगी मुलगी, गोव्यातल्या आणि मालवणातल्या वाचकाला अजिबात खटकणार नाही. तिथे ‘चेडूं’ नपुंसकलिंगीच आहे आणि लहान वयाच्या मुलीला सहजपणे ‘तें’ म्हटलं जातं.

खरी मेहनत करायची ती उपपदांवर. मराठीत विभक्तीचा प्रत्यय नामाला चिकटतो. जर्मनमध्ये तो बहुतेक वेळा नामाआधीच्या उपपदावर बसतो आणि नाम जवळजवळ तसंच राहतं. चार विभक्ती, तीन लिंगं आणि अनेकवचन मिळून सोळा घरांचा तक्ता होतो, त्यात रूपं मात्र सहाच: डेअर, डी, डास, डेन, डेम, डेस. सोळा घरांत सहा जण राहतात म्हणजे एकेकाला अनेक घरं सांभाळावी लागतात. ‘डेअर’ हे पुल्लिंगी कर्त्याचं रूप म्हणून आपण पहिल्या दिवशी पाठ करतो, आणि पुढे जिथे ते दिसेल तिथे कर्ता समजतो. पण ‘डेअर टेम्पेल डेअर ग्योटिन’ म्हणजे देवीचं देऊळ. पहिलं डेअर कर्त्याचं, दुसरं स्त्रीलिंगी षष्ठीचं. हाच शब्द स्त्रीलिंगी चतुर्थीतही येतो आणि अनेकवचनी षष्ठीतही. वाचनापुरतं जर्मन शिकणाऱ्याने पहिले काही आठवडे या सहा शब्दांना दिले तर पुढचा रस्ता निम्म्याने सोपा होतो. मी शिकवायला बसलो तर याहून वेगळी सुरुवात करणार नाही.

या उपपदांमुळेच जर्मन वाक्य मराठीसारखं मोकळं असतं. ‘डेन झोन झीट डेअर फाटर’ म्हणजे मुलाला वडील पाहतात. मुलगा वाक्यात पहिला आला म्हणून तो पाहणारा होत नाही. मराठीत ‘ला’ पाहून आपण कर्म ओळखतो, तसं इथे ‘डेन’ पाहून. इंग्रजीच्या सवयीने पहिल्या नामाला कर्ता धरणारा वाचक बापलेकांची अदलाबदल करतो, आणि दानपत्रावरचा लेख असेल तर दान देणारा आणि घेणारा यांची.

समासांबद्दल फार लिहीत नाही, कारण संस्कृत शाळेत शिकलेल्यालाही ते जमतात. हान्टश्रिफ्ट म्हणजे हस्तलिखित, फेरत्साइशनिस म्हणजे सूची. दोन्ही जोडून हस्तलिखितसूची, म्हणजे सरळ षष्ठी तत्पुरुष. लांब शब्द उजवीकडून फोडायचा. शेवटचं पद मुख्य, लिंगही त्याचंच. एवढं कळलं की कोशात न सापडणारा शब्दही आपला आपण उलगडता येतो. शिवाय जर्मनमध्ये प्रत्येक नामाचं पहिलं अक्षर मोठ्या लिपीत असतं, त्यामुळे पानावर नामं आधीच वेगळी दिसतात.

विद्वानांच्या जर्मनचा किल्ला मानली जाणारी रचना पुढे आहे, आणि मराठी माणसाला सर्वांत मोठा आनंद देते तीही हीच. ‘डी फोन डेन हिर्टेन इन जेजुरी फेरएर्टे गॉटहाइट’ असा शब्दसमूह घेऊ. उपपद आलं, पण त्याचं नाम लगेच आलं नाही. मधे ‘धनगरांकडून’, ‘जेजुरीत’, ‘पूजलेली’ असे शब्द आले आणि शेवटी नाम आलं, ‘देवता’. धनगरांनी जेजुरीत पूजलेली देवता. इंग्रजीत ही रचना अशीच्या अशी ठेवता येत नाही. हुबर्ट यानाख किंवा एप्रिल विल्सन यांच्यासारख्यांची वाचनासाठीची इंग्रजी पुस्तकं या रचनेपाशी थांबून विद्यार्थ्याला उलट वाचायची युक्ती शिकवतात. मराठीत हे आपलं रोजचं बोलणं आहे. ‘काल मामाने गावाहून आणलेले आंबे’ असं लहान मूलही म्हणतं. धातुसाधित विशेषण नामाआधी येतं आणि त्याच्या पोटात कर्ता, स्थळ, काळ सगळं मावतं. शिवाय ‘पूजलेली’तली ‘ली’ जशी देवतेच्या लिंगवचनाप्रमाणे चालते, तसा ‘फेरएर्टे’चा शेवटही गॉटहाइटशी जुळतो. ओळखायची खूण साधी: उपपदानंतर लगेच शब्दयोगी शब्द किंवा दुसरं उपपद आलं की असा डबा उघडला आहे असं समजावं आणि नाम येईपर्यंत वाचत जावं.

मराठी जिथे मदत करत नाही अशाही जागा आहेत. ‘देवळात गेला’ आणि ‘देवळात आहे’ या दोन्हींत आपण ‘देवळात’च म्हणतो. जर्मन मात्र पहिल्याला ‘इन डेन टेम्पेल’ आणि दुसऱ्याला ‘इम टेम्पेल’ म्हणतं, गतीला द्वितीया आणि स्थितीला चतुर्थी. ‘वेर्डेन’ हा धातू तिहेरी कामं करतो. एकटा असला तर ‘होणं’, मूळ धातूबरोबर आला तर भविष्यकाळ, कृदंताबरोबर आला तर कर्मणी. ‘विर्ट’ दिसला की पुन्हा वाक्याच्या टोकाशी जाऊन तिथे काय आहे ते पाहावं. अनियमित धातूंची रूपं पाठच करावी लागतात, कारण कोशात ‘गाप’ सापडत नाही, ‘गेबेन’ सापडतो.

इंग्रजीशी सारख्या दिसणाऱ्या शब्दांवर तर डोळ्यात तेल घालून पहारा ठेवावा. ‘आल्झो’ची अक्षरं इंग्रजी ‘ऑल्सो’चीच आहेत, पण अर्थ ‘म्हणून, तेव्हा’. प्रबंधातला निष्कर्ष याच शब्दाने सुरू होतो आणि इंग्रजीच्या सवयीने वाचणारा त्याला एक जोडमुद्दा समजून पुढे जातो. ‘फास्ट’ म्हणजे जवळजवळ, ‘बेकोमेन’ म्हणजे मिळणं, ‘एव्हेंटुएल’ म्हणजे कदाचित.

भाषांतर करणाऱ्याने सर्वांत जास्त जपायचे ते दोन छोटे शब्द. पहिला ‘झाय’. हे ‘असणं’ या धातूचं सांगीव रूप. लेखक दुसऱ्याचं म्हणणं सांगतो आहे, स्वतः हमी देत नाही, हे जर्मन क्रियापदाच्या रूपातच सांगतं. ‘डेअर गॉट झाय आउस कर्नाटका गेकोमेन’ म्हणजे देव कर्नाटकातून आला, म्हणे. आपल्या ‘म्हणे’मध्ये हा सगळा भाव आहे. अशी ओळ कुणा गुरवाने सांगितलेली आख्यायिका असेल आणि भाषांतरकाराने ‘देव कर्नाटकातून आला’ असं छापलं, तर ते लेखकाचं मत होऊन बसतं. मग पुढचे दहा जण त्या लेखकाचा हवाला देऊन तेच लिहितात. दुसरा शब्द ‘वोल’, म्हणजे बहुधा. एवढासा शब्द गळला की अंदाजाचं ठाम विधान होतं. देवतांची मुळं, जातींचे उगम, राजघराण्यांचे काळ या विषयांत ‘म्हणे’ आणि ‘बहुधा’ गाळण्याची किंमत समाजाला मोजावी लागते. या दोन शब्दांचं व्याकरण चौकात शिकवलं तरी चालेल, इतकं मला ते आवश्यक वाटतं.

जुन्या पुस्तकांच्या आणखी काही खोड्या आहेत. 1901 च्या बर्लिन परिषदेत जर्मन शुद्धलेखनाचे नियम ठरले आणि देशी शब्दांतला ‘टी’नंतरचा निरुपयोगी ‘एच’ गेला. त्यामुळे वेबर किंवा याकोबी वाचताना ‘टाइल’ म्हणजे भाग हा शब्द एका जादा अक्षरासह दिसतो आणि आजच्या कोशात त्या जागी सापडत नाही. कित्येक जुनी पुस्तकं फ्राक्टूर या टोकदार लिपीत आहेत. तिच्यात शब्दाच्या आतला ‘एस’ थेट ‘एफ’सारखा दिसतो. 1941 मध्ये ही लिपी सरकारी हुकमाने बंद झाली. तिची सवय लागायला वेळ लागत नाही, मोडीपुढे तर ती अगदीच सोपी आहे.

यंत्राने भाषांतर होत असताना हे सगळं कशासाठी, असं कुणी विचारील. यंत्राचा उपयोग मीही नाकारत नाही. चाळीस पानांतली आपल्या कामाची चार पानं शोधायला ते फार उपयोगी आहे. पण फ्राक्टूरच्या पानाचं चित्र वाचताना यंत्राने एक अक्षर चुकवलं, तर चुकलेल्या शब्दाचं तेवढ्याच सफाईने भाषांतर मिळतं आणि ते सफाईदार असल्यामुळे शंका येत नाही. शिवाय जर्मनमधून इंग्रजी आणि इंग्रजीतून मराठी असा दुहेरी प्रवास झाला, की जी रचना दोन्ही टोकांच्या भाषांत सारखी होती ती मधल्या भाषेत मोडलेली असते. ‘झाय’ आणि ‘वोल’ टिकले की नाहीत, हे मूळ ओळ वाचता येणाऱ्यालाच तपासता येतं.

थेट मराठीत आणण्याचं काम आपल्याकडे झालेलं आहे. जूल ब्लोक यांचा मराठी भाषेच्या घडणीवरचा फ्रेंच ग्रंथ वा. गो. परांजपे यांनी ‘मराठी भाषेचा विकास’ या नावाने 1941 मध्येच मराठीत आणला. अभ्यासक त्याचा आधार आजही घेतात. रंगभूमीनेही जर्मन नाटक जवळ केलं. ब्रेश्टवरून खानोलकरांचं ‘अजब न्याय वर्तुळाचा’ आणि पु. ल. देशपांड्यांचं ‘तीन पैशाचा तमाशा’ आलं. नाटकाला रूपांतर चालतं, शास्त्रीय ग्रंथाला चालत नाही, त्याला वाक्यावाक्याचा हिशेब द्यावा लागतो. पण वर दाखवलं तसं जर्मन शास्त्रीय गद्याची लांब विशेषणं, शेवटचं क्रियापद, समास आणि सांगीव रूप ही चारही वैशिष्ट्यं मराठीच्या अंगात मुळातच आहेत. जर्मन विद्वानाचं लांब वाक्य इंग्रजीत तीन तुकडे होऊन येतं, मराठीत ते बऱ्याचदा एकसंध राहू शकतं. पोटात पोट अशा तीन-चार रचना आल्या तर ‘जो–तो’ घालून वाक्य मोकळं करावं, इतकाच विवेक ठेवायचा.

म्हणून माझी विनंती अशी. महाराष्ट्रातल्या ज्या विद्यापीठांत संस्कृत, प्राकृत, मराठी, इतिहास, समाजशास्त्र आणि तत्त्वज्ञान यांचे पदव्युत्तर वर्ग आहेत, त्यांनी संशोधक विद्यार्थ्यांसाठी वाचनापुरत्या जर्मनचा एका वर्षाचा वर्ग ठेवावा, आणि तो मराठीतून शिकवावा. तोंडी परीक्षा नको, संवाद नकोत. कोश हाताशी ठेवून आपल्या विषयातलं एक पान मराठीत उतरवायचं, एवढीच परीक्षा. जर्मन शिकवणाऱ्यांनी आणि मराठी व्याकरण जाणणाऱ्यांनी एकत्र बसून त्यासाठी पाठ्यपुस्तक तयार करावं. त्यातली उदाहरणं सप्तशतीच्या प्रस्तावनेतली, याकोबींच्या व्याकरणातली आणि सोन्थायमरच्या जेजुरीतली असावीत. साहित्य संस्थांनी पिशेल आणि याकोबी यांच्या मराठी भाषांतरासाठी पैसा उभा करावा.

ज्याला वर्गाची वाट पाहायची नाही, त्याने सहा उपपदांचा तक्ता वहीच्या पहिल्या पानावर लिहावा, दुसऱ्या पानावर अनियमित धातू, आणि याकोबींचं 1886 चं पुस्तक घ्यावं. त्यावरचा हक्क केव्हाच संपला आहे आणि ते इंटरनेटवर विनामूल्य मिळतं. व्याकरणाचा भाग छोट्या छोट्या कलमांत आहे, वाक्यं आटोपशीर आहेत, आणि उदाहरणांतले प्राकृत शब्द मराठी वाचकाला पुष्कळदा अर्थ न पाहताच कळतात.